पाठीला पाठ

संपादक सरांचा निरोप आला, "तू आपला जुना विद्यार्थी. नोकरीत पडून बरीच वर्षं झाली. आमच्या मुलांना उपयोगी पडेल असं काहीतरी अंकासाठी लिही." उपयोगी म्हणजे काय, याचा मी दोन दिवस विचार केला. मुलाखतीला कसं बसावं, अर्ज कसा करावा, वरिष्ठांशी कसं बोलावं, या विषयांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत. मला लिहिता येण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती एका खांद्याची आहे. माझ्याच, उजव्या.

बेळगाव सोडून मी इंदूरला गेलो तो एका लहानशा कचेरीत नोकरी लागली म्हणून. मिठाई आणि नमकीन भरण्याची खोकी कशी असावीत, त्यांवर चित्रं कोणती असावीत, घडी कुठे पडावी, याचे नकाशे आम्ही करून द्यायचो. इंदूरसारख्या गावात या कामाला तोटा नाही. सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यात पुन्हा खाणं, असा त्या गावाचा दिनक्रम. शेव तर तिथे पोह्यांवरही लागते. आम्ही सातजण होतो. कचेरी अन्नपूर्णा मार्गावर दुसऱ्या मजल्यावर होती आणि माझी खोली तिथून चालत दहा मिनिटांवर. अन्नपूर्णेच्या देवळावरून त्या सगळ्या वस्तीलाच अन्नपूर्णा म्हणतात. आता तिथे नवं मंदिर उभं आहे. मी गेलो तेव्हा जुनं प्रवेशद्वार होतं, चार मोठ्या हत्तींच्या मूर्तींवर पेललेलं. येता-जाता मी त्या हत्तींकडे पाहायचो. इतकं ओझं पाठीवर घेऊनही त्यांच्या चेहऱ्यावर त्रासाचा मागमूस नसे. आमच्या कचेरीत कोणाचाही चेहरा तसा नव्हता.

घरमालक काका इंदूरचे जुने मराठी. होळकरांच्या काळात कधीतरी त्यांचं घराणं माळव्यात आलेलं. त्यांच्या मराठीला हिंदीचा असा काही पाझर होता, की पहिले आठ दिवस मला ती परकी वाटली आणि नवव्या दिवशी मीच तसं बोलू लागलो. काका शाळेत व्यायामशिक्षक होते. तरुणपणी मल्लखांब केलेला. निवृत्त होऊनही रोज पहाटे अंगणात दंड-बैठका काढायचे. एकदा मी जिना उतरत असताना त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "अहो, तुमचा उजवा खांदा कानाशी काय गुजगोष्टी करतो आहे?"

मी आरशात पाहिलं. खरंच, उजवा खांदा चांगला दोन बोटं वर चढलेला होता. दुखत तर महिनाभर होताच. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, फोटो काढून झाला होता. हाडांत काही दोष नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. दोष कशात आहे ते मला ठाऊक होतं. पण डॉक्टरांनी ते विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. दिवाळीच्या मिठाईचं मोठं काम होतं. बाहेरचं खोकं आणि त्यात सरकून बसणारा आतला ट्रे, असे दोन भाग. मापं मी काढली. घाईत बाहेरच्या खोक्याचं बाहेरून घेतलेलं माप मी आतलं समजलो आणि ट्रे तीन मिलिमीटर मोठा निघाला. आठ हजार खोकी छापून, कापून आली आणि एकाही खोक्यात ट्रे बसेना. छापखान्याकडे शेवटची फाईल पाठवण्याचं काम धारहून आलेल्या एका तरुण मुलाकडे असे. मालकांनी त्यालाच सगळ्यांसमोर उभं केलं. तो गोंधळला. म्हणाला, "अपन से ही हुई होगी भिया." इंदुरात भाऊ, मित्र, दुकानदार, रिक्षावाला, सगळ्यांना 'भिया' म्हणतात, पण त्या दिवशी हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. मी खाली पाहिलं. त्याचा दिवाळीचा बोनस कापायचं ठरलं. मी गप्प बसलो.

गप्प बसण्याला मराठीत केवढे शब्द आहेत पाहा. पोटात ठेवणं, तोंड शिवणं, मान खाली घालणं, ओठ दाबून बसणं. सगळे शरीराचे. पुढे जेव्हा या विषयाकडे लक्ष गेलं तेव्हा मी सहज मोजायला बसलो आणि चकित झालो. कचेरीतला सारा व्यवहार आपल्या भाषेने अंगावरच लिहून ठेवला आहे. कामचुकार माणूस अंग चोरतो, जबाबदारी टाळणारा अंग काढून घेतो, हात झटकतो; मदत करणारा हात देतो, खांदा देतो, पाठीशी उभा राहतो; रागावलेला पाठ फिरवतो; वरिष्ठ डोळे वटारतात आणि आपली बोबडी वळते. शिकलेलं काम अंगवळणी पडतं. सरावाची गोष्ट हातखंडा होते. कन्नड विभागातल्या मित्रांना विचारलं तर तेही त्यांच्या भाषेतली अशीच यादी देतील. पाठीला ते बेन्नु म्हणतात आणि कण्याला बेन्नेलुबु, एवढं मला शेजारधर्माने ठाऊक आहे. मन आणि शरीर वेगळं नाही हे सांगायला आपल्याला परदेशी पुस्तकांची गरज नव्हती. ते आपण रोज बोलत होतो, फक्त ऐकत नव्हतो.

दिवाळीनंतर कचेरीत कोणी कोणाशी धड बोलेना. कामापुरते शब्द. नवं काही सुचेना. गेल्या वर्षीच्या खोक्याचा रंग बदलून तेच पुढे करायचं, असं चाललं होतं. मालक कुठल्याशा व्यापारी संमेलनाला जाऊन आले होते. तिथे त्यांनी ऐकलं, की हल्ली मोठ्या कंपन्यांत लोकांना श्वासाचे, हालचालींचे प्रयोग करायला लावतात, त्याने माणसं जवळ येतात आणि डोकी चालू लागतात. त्यांनी हौशी नाटकांत काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. चार शनिवार, सकाळी दीड तास.

पहिल्या शनिवारी टेबलं भिंतीला सरकवली गेली आणि आम्ही सातजण मध्ये चपला काढून उभे राहिलो. कचेरीत अनवाणी उभं राहणं किती अवघड असतं याची कल्पना अनुभवल्याशिवाय येणार नाही. आपण पगार घेतो तो जणू मानेच्या वरच्या भागाचा. खालचा भाग डोकं वाहून आणायला दिलेला. बाई म्हणाल्या, "मी काही शिकवायला आलेली नाही. फक्त उभे राहा आणि वजन कुठल्या पायावर आहे ते पाहा." माझं डाव्या पायावर होतं. उजवा खांदा वर, वजन डावीकडे. म्हणजे मी कधीही पळ काढायच्या तयारीत उभा होतो म्हणायचं!

आमचे हिशेबनीस काका मात्र खुर्चीवरून उठले नाहीत. "माझी पाठ माझ्या ताब्यात आहे, तेवढं मला पुरे," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मालकांच्या कपाळावर आठी पडली. बाईंनी मात्र त्यांना हसून म्हटलं, "बसा काका, बसून पाहणंही चालतं." ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. दुसऱ्याच्या शरीराशी आपला संबंध येतो तिथे 'नको' म्हणायची मुभा पहिल्यांदा ठेवावी लागते. आमच्यातल्या दोघी बायकांनी जोडीचे प्रकार आपापसांतच करायचं ठरवलं, त्यालाही कोणी हरकत घेतली नाही.

मग एक खेळ झाला. सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं आणि मिळून एकपासून वीसपर्यंत मोजायचं. कोणी कधीही पुढचा आकडा म्हणावा. ठरवाठरवी नाही, खूण नाही. दोघांच्या तोंडून एकदम आकडा आला की पुन्हा एकपासून सुरुवात. पोरखेळ वाटतो ना? आम्ही सातच्या पुढे गेलो नाही. कारण प्रत्येक वेळी मध्ये शांतता झाली की मालकांना ती सहन व्हायची नाही आणि ते आकडा म्हणून टाकायचे. आणि मालक बोलतील म्हणून बाकीचे थांबायचे, किंवा नेमके त्यांच्याबरोबरच बोलायचे. मध्येच त्यांना फोन आला, ते बाहेर गेले आणि आम्ही एका दमात सोळापर्यंत पोचलो. कोणी काही बोललं नाही. पण हिशेबनीस काका खुर्चीत बसून चष्मा पुसत होते, आणि चष्मा अगदी स्वच्छ होता.

या प्रकारांचं मूळ कुठे आहे याची मला पुढे उत्सुकता वाटली. नाटकवाल्यांकडे ही परंपरा जुनी आहे. बादल सरकार यांनी १९७०च्या दशकात रंगमंच, नेपथ्य, प्रकाश यांना फाटा दिला आणि सारा भार नटाच्या शरीरावर टाकला, तेव्हा अशा सरावाला आपल्याकडे मोठं महत्त्व आलं. कारखान्यांशी त्याचा संबंध जोडणारा माणूस मात्र नृत्यशिक्षक होता. रुडॉल्फ लाबान हा हंगेरीत जन्मलेला गृहस्थ नाझींच्या जर्मनीतून बाहेर पडून १९३८ साली इंग्लंडला पोचला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एफ. सी. लॉरेन्स या औद्योगिक सल्लागाराबरोबर तो कारखान्यांत जाऊन कामगारांच्या हालचाली पाहत असे. त्याच्या आधी अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११ साली हातात घड्याळ धरून काम मोजण्याचं शास्त्र मांडलं होतं : कोणती हालचाल किती सेकंदांची, कुठली वगळायची. लाबानने विचारलं ते वेगळंच. ही हालचाल करताना जोर कुठे लागतो, ती घाईची आहे की निवांत, मोकळी आहे की आवळलेली? लॉरेन्सबरोबर लिहिलेलं त्याचं 'एफर्ट' हे पुस्तक १९४७ साली निघालं. टेलरचं घड्याळ आजही प्रत्येक कचेरीत टिकटिक करतं आहे. लाबानचा प्रश्न विचारणारे थोडे.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचं? माझ्या आजीच्या पिढीपर्यंत घरात जातं होतं. समोरासमोर बसलेल्या दोघी, एका खुंट्यावर दोघींचे हात, आणि त्या फिरण्याच्या लयीत ओवी सुचायची. एकटीला घरात बसून 'आता ओवी रच' म्हटलं असतं तर ती लाजून आत गेली असती. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढं वाङ्मय दळताना जन्मलं. त्यात कष्ट होते, सासुरवास होता, त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण हात फिरू लागले की शब्द येतात, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

घरमालक काकांना मी शनिवारच्या गोष्टी सांगायचो. त्यांना त्यात नवल वाटेना. मल्लखांबावर मनोरा रचताना खालच्या मुलाला वरचा दिसत नाही, हे त्यांनी सांगितलं. वरच्याचा पाय थरथरला तर ते खालच्याला खांद्याने कळायला हवं. "डोळ्याने पाहून मग सावरू म्हणाल, तोवर मनोरा जमिनीवर." एका रविवारी त्यांनी मला देवासला नेलं. इंदूरहून तास-सव्वा तासाचा रस्ता. तुम्हाला सांगायला हवं असं नाही, तरी सांगतो : बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले आपले शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८ साली क्षयाने आजारी होऊन याच देवासला येऊन राहिले. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ते कानावर येणारी माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. एक फुप्फुस निकामी झालेलं. १९५३च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले ते वेगळंच गाऊ लागले. लांब पल्ल्याच्या तानांऐवजी आखूड, टोकदार फेक, मध्ये श्वासाची जागा. जाणकार याला केवळ आजाराचा परिणाम मानत नाहीत, आणि तसं मानूही नये. पण श्वास किती उरला आहे हे त्यांच्याइतकं बारकाईने कोणाला पाहावं लागलं असेल? परतीच्या बसमध्ये काका झोपले होते आणि मी स्वतःचा श्वास मोजत होतो. छातीच्या वरच्या वरच चालला होता.

तिसऱ्या शनिवारी जोड्या पडल्या. जमिनीवर पाठीला पाठ लावून बसायचं, कोपरांत कोपर अडकवायचं आणि हात न टेकता दोघांनी एकदम उभं राहायचं. माझ्या जोडीला धारचा मुलगा आला.

पाठ ही गोष्ट मोठी विलक्षण आहे. चेहऱ्याला खोटं बोलता येतं. आम्ही दोघं दोन महिने एकमेकांशी हसून बोलत होतो. पाठीला ते साधत नाही. त्याच्या पाठीची ऊब लागली आणि माझी पाठ लाकडासारखी झाली. पहिल्यांदा उठताना आम्ही डावीकडे कलंडलो. दुसऱ्यांदा मी पायांनी जोर केला, तो घसरला. बाई लांबून म्हणाल्या, "दोघांपैकी एकजण वजन चोरतो आहे." तो हळूच म्हणाला, "भिया, पूरा वजन दो. मैं सँभाल लूँगा."

ज्याच्यावर मी माझं ओझं न सांगता टाकलं होतं, तोच मला पूर्ण वजन दे म्हणत होता. पोटात कालवलं. तिसऱ्या खेपेला आम्ही उभे राहिलो खरे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

तिथल्या तिथे सगळं कबूल केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी चहाच्या टपरीवर मी त्याला सांगितलं, की माप माझं होतं. तो कपातल्या चहाकडे पाहत म्हणाला, "मालूम था भिया. नक्शे पे आपका ही नाप था." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? त्याने खांदे उडवले. "आप सीनियर हो. सोचा था, आप खुद बोलोगे."

त्याला दोन महिने माहीत होतं. दोन महिने तो मला 'भिया' म्हणत होता आणि वाट पाहत होता.

मग मी मालकांसमोर गेलो. ते माझ्या कल्पनेपेक्षा कमी बोलले. त्या मुलाचा कापलेला पैसा पुढच्या पगारात त्याला मिळाला आणि माझ्या पगारातून तेवढा गेला. सर्वांसमोर त्याला उभं केलं होतं, त्याबद्दल मात्र मालकांनी त्याची माफी मागितली नाही. ते कुठल्याच व्यायामात बसत नव्हतं, बहुधा. तो मुलगाही माझ्याशी पुढे पंधरा दिवस जेवढ्यास तेवढंच बोलला, आणि ते मला बरोबर वाटलं. पाठीला पाठ लावून उभं राहिल्याने कुठलाही हिशेब मिटत नाही. हिशेब आहे हे लक्षात येतं, इतकंच.

चौथ्या शनिवारी आम्ही वीसपर्यंत मोजलं. मालक मध्ये तीनदाच बोलले.

आता 'डोकी चालू लागतात' या दाव्याविषयी. राखीपौर्णिमेच्या सुमारास एका मिठाईवाल्याला गोंद न लावता बंद होणारं खोकं हवं होतं. आम्ही नेहमीसारखे पडद्यांकडे डोळे लावून बसलो होतो. त्या मुलाने संगणक बंद केला, कोऱ्या कागदाचे ताव आणले आणि सगळ्यांना वाटले. "हाथ से करके देखते हैं." अर्धा तास नुसती घड्यांची करकर. कोणी विमान केलं, कोणी होडी. हिशेबनीस काका आपल्या टेबलावर बसल्या बसल्या एक ताव घेऊन काहीतरी करत होते. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि लहानपणी ते गल्ल्यामागे बसून पुड्या बांधत. त्यांनी जिऱ्याची पुडी वळावी तशी ती वळली आणि शेवटचं टोक आत खोचलं. ना गोंद, ना दोरा. त्यांनी ती टेबलावरून आमच्याकडे ढकलली आणि पुन्हा बिलं पाहू लागले. आमचं खोकं त्या खोचलेल्या टोकातून निघालं. चारही शनिवार खुर्चीवरून न उठलेल्या माणसाच्या बोटांत ते पन्नास वर्षं पडून होतं. बाईंच्या शनिवारांमुळे हे झालं का? सांगता येत नाही. पण त्याआधी कागदाचे ताव वाटायचं त्या मुलाला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी त्याने ते केलं नसतं, एवढं मी खात्रीने म्हणेन.

याची दुसरी बाजूही पाहिली. मालकांना हा इलाज पुढे फारच आवडला. एकदा पगार आठ दिवस लांबला तेव्हा कुरकुर ऐकून त्यांनी सुचवलं, की शनिवारी सगळे जरा मोकळे होऊ, श्वासाचं काहीतरी करू. हिशेबनीस काका उठून उभे राहिले. त्यांना उभं राहिलेलं मी तेव्हाच नीट पाहिलं, चांगले ताठ होते. म्हणाले, "साहेब, पोटात श्वास भरून घरात किराणा येत नाही." पगार दुसऱ्या दिवशी झाला. विद्यार्थी मित्रांनी उद्या नोकरीत शिरल्यावर कोणी असं शिबिर ठेवलं तर जरूर जावं. मात्र ते कशाच्या बदल्यात ठेवलं आहे, हेही पाहावं.

तो मुलगा वर्षभराने पुण्याला गेला. कधीतरी त्याचा फोन येतो. आधी तो नेहमी एकच प्रश्न विचारतो, खांदा कसा आहे. खांदा बरा आहे. छापखान्याकडे फाईल पाठवायची वेळ आली की अजून दोन बोटं वर चढतो. मग मी खुर्चीवरून उठतो, दोन्ही पायांवर उभा राहतो आणि आतलं माप पट्टी लावून पुन्हा एकदा घेतो.